शेवटच्या बोटीआधी

माझ्या भावाच्या गावाला वर्षातून दोनदा कुलूप लागतं. एकदा तळं गोठताना आणि एकदा वितळताना. उन्हाळ्यात बोट चालते, कडक थंडीत बर्फावरून ट्रक चालतात, पण मधले दीड-दोन महिने तळं धड पाणी नसतं आणि धड बर्फही नसतं. बोट घातली तर अडकते, पाय ठेवला तर माणूस आत जातो. गावाला धावपट्टी नाही. त्या दिवसांत कोणी बाहेर जात नाही, बाहेरचं कोणी आत येत नाही. अगदीच जिवावर बेतलं तर हेलिकॉप्टर येतं, तेही हवा बरी असेल तर, आणि त्यात पेशंट आणि नर्स सोडून तिसऱ्याला जागा नसते.

हे सगळं मला आता पाठ आहे. मी सिडनीत टूनगॅबीला राहते. इथे थंडीत फार तर सकाळी गाडीची काच पुसावी लागते. तरी कॅनडाच्या उत्तरेकडच्या त्या चार-पाचशे वस्तीच्या गावाचं हवामान मी रोज फोनवर बघते. पूर्वी बघत नव्हते. पूर्वी बघितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पुण्यात इंजिनिअर झाला आणि मीच त्याला ओढून ऑस्ट्रेलियात आणला. मेलबर्नला क्लेटनमध्ये मास्टर्स, मग पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मग माझ्याच सबर्बात घर, असा त्याच्या आयुष्याचा आराखडा माझ्याकडे तयार होता. सगळ्यांच्या आयुष्याचे आराखडे करायची मला खोडच आहे. नवरा म्हणतो, उंटावरून शेळ्या हाकायला तुला उंटही लागत नाही. मास्टर्स झालं, पण पीआरचे पॉइंट्स काही भरले नाहीत. दरवर्षी कटऑफ वर सरकायचा आणि हा खालीच. शेवटी कॅनडात आडगावी जायला तयार असणाऱ्यांना घेतात असं त्याला कुठून तरी कळलं आणि मला एका शब्दाने न विचारता त्याने अर्ज करून टाकला. नोकरी मिळाली ती वीजघरात. त्या गावाला बाहेरून वीज येत नाही. डिझेलवर चालणारे तीन मोठे जनरेटर आहेत, ते बंद पडू द्यायचे नाहीत, एवढंच काम. दोन माणसं, आलटून पालटून. एकाला रजा हवी असली तर बोटीने बदली माणूस यावा लागतो.

मी भडकले होते. "जंगलात जनरेटर राखायला एवढा शिकलास?" असं मी त्याला म्हणाले होते.

"ताई, इथे मला कोणी पॉइंट्स विचारत नाही," तो म्हणाला.

तो तिथे गेल्यावर दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आईला घेऊन त्याच्याकडे गेले. आईबाबा तोवर आमच्याकडे कायमचे राहायला आले होते. बाबांना प्रवास झेपत नाही म्हणून ते घरीच थांबले. तीन विमानं, मग आठ तास गाडी, आणि जिथे रस्ता सरळ तळ्यात उतरून संपतो तिथून अडीच तास बोट. आईने साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं होतं आणि पुढच्या बाकावर बसून ती दोन्ही हातांनी कठडा धरून हसत होती. मला उलटी होईल की काय असं वाटत होतं, आणि आई इतकी खूश कशी याचा मला राग येत होता.

गाव म्हणजे काठाने एक कच्चा रस्ता. एक दुकान, एक शाळा, दोन नर्सचा दवाखाना, डिझेलच्या पांढऱ्या टाक्या आणि विखुरलेली घरं. घरांच्या मागे लगेच जंगल सुरू होतं आणि ते संपतच नाही. स्प्रूसची झाडं, बाटल्या धुवायच्या ब्रशासारखी, काळपट आणि किडमिडी. भाऊ म्हणाला, यातली काही शंभर वर्षांची आहेत. मनगटाएवढं खोड आणि शंभर वर्षं! मला ते झाडांचं कर्तृत्व वाटलं नाही, हाल वाटले. जमीन पायाखाली ओल्या गादीसारखी दबते. डास असे की पोळीचा घास तोंडात जाईपर्यंत दोन आत जातात. लांब कुठेतरी जंगल पेटलेलं होतं, त्याचा धूर तळ्यावर उतरला होता, आणि त्या सगळ्या गावात मला ओळखीचा वाटला तो तेवढा धूरच. सिडनीत वणव्यांच्या दिवसांत आम्ही तो पुष्कळ खाल्लेला आहे.

आईला मात्र गाव आवडलं. शेजारी एक तिथलीच म्हातारी बाई राहायची. ती काठावर मासे साफ करायची. जन्मात माशाला हात न लावलेली माझी आई वारा कुठून येतो ते बघून, वासाच्या विरुद्ध बाजूला खुर्ची मांडून रोज तिच्याजवळ बसायची. दोघींची भाषा एक नाही. भाऊ रिकामा असला की मध्ये बसून इकडचं तिकडे करायचा. शेवटच्या बोटीची पद्धत त्या बाईनेच सांगितली. गोठण्याआधीच्या शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी बोटवाला दुकानासमोर उभा राहतो आणि येईल त्या प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारतो. काही पाठवायचंय? काही सांगायचंय? औषधांच्या चिठ्ठ्या, लेकींचे निरोप, रुसवे-फुगवे मिटवायचे फोन, सगळं त्या दिवशी उरकतात. आणि कोणाला बरं नसेल तर त्या दिवशी ते लपवायचं नाही. ज्याला यायचं त्याला येता आलं पाहिजे, ज्याला जायचं त्याला जाता आलं पाहिजे. नंतर कळून काय उपयोग?

"चांगली पद्धत आहे," आई म्हणाली होती. मी त्या वेळी डास मारत होते, पण मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आमच्या घरातली पद्धत याच्या बरोबर उलटी. लांबच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. आधी खात्री करून घ्यायची, मग योग्य वेळ बघायची, मग थोडं थोडं सांगायचं, आणि तोपर्यंत सगळं मजेत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना काका गेले ते मला परीक्षा झाल्यावर कळलं. माझ्या बाळंतपणात गुंतागुंत झाली ते मी पुण्याला कळवलं तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. भावाला तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, ते आम्हाला मार्चमध्ये समजलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. यात कोणाला काही चूक वाटत नव्हतं. मला तर ते प्रेमच वाटायचं, आणि प्रेमात मी कोणाला हार जात नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबर संपता संपता आईचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ असेल म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्याने स्कॅन करायला लावला, आणि स्कॅन झाल्यावर तिला घरी सोडलंच नाही. स्वादुपिंडात गाठ होती. तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता.

"त्याला कळवलंस का?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. माझे बाबा कमी बोलतात. सगळं आयुष्य त्यांनी आधी आईला आणि मग मला बोलू दिलं.

"रिपोर्ट येऊ दे. मग सांगते नीट."

"तिकडे बर्फ होईल."

"बाबा, मी बघते ना."

माझी मुलगी तेव्हा नुकतीच युनिव्हर्सिटीत गेली होती. ती म्हणाली, "आई, दॅट्स नॉट फेअर. मामाला माहीत असायला हवं. इट्स हिज मदर टू." मी तिला म्हटलं, तू यात पडू नकोस. आणि आई स्वतः काय म्हणाली? तीही हेच म्हणाली. "त्याला नका सांगू. एकटा असतो, जेवणार नाही." हे मी पुढे शंभर वेळा स्वतःला ऐकवलं आहे, की आईच नको म्हणाली होती. पण आईच्या नको म्हणण्याला मी कधी जुमानलं होतं? तिच्या इच्छेविरुद्ध तिला सिडनीत आणलं, तिच्या इच्छेविरुद्ध तिचं पुण्याचं घर आवरलं. तेवढं एकच नको मी ऐकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. तो आला असता तर आईला कळलं असतं की मुलाला बोलावून घेतलं, म्हणजे आता काही खरं नाही. आणि मलाही ते कळलं असतं. खरं कारण हे होतं.

मंगळवारी सकाळी आठला त्याचा फोन आला. माझी सकाळ म्हणजे त्याची आदल्या दिवसाची दुपार. मी वॉर्डात आईच्या पलंगाशी होते, बाबा खुर्चीत. व्हिडिओ कॉल होता. मी कॅमेरा बंद करून मग घेतला.

"ताई, तू दिसत नाहीयेस."

"कॅमेरा बिघडलाय रे. बोल."

"उद्या शेवटची बोट. आईशी बोलू दे."

मी फोन आईकडे दिला. आई उठून बसली, कॅमेरा बंद असूनही तिने केसांवरून हात फिरवला, आणि ठणठणीत आवाज काढायचा प्रयत्न करत त्याला विचारलं की मोजे घालतोस का, डाळ आहे का, जेवलास का. बाहेरून नाश्त्याची ट्रॉली गेली. त्याने विचारलं, कसला आवाज? आई म्हणाली, शेजाऱ्यांकडे काम चाललंय. इतक्या सफाईने म्हणाली की मला कौतुक वाटलं. मग दम लागला म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला.

"आईचा आवाज असा का येतोय?"

"सर्दी. इकडे हवा बदलतेय."

"हे बघ, आजच्या बोटीने बदली माणूस आलाय. दुसऱ्या कामाला आलाय, पण मी म्हटलं तर माझ्या जागी थांबेल. व्हिसा आहेच माझ्याकडे. येऊ का?"

हे त्याने विचारलं. तो येऊ का म्हणाला. मी घाईने म्हणाले, "आत्ता कशाला धावपळ? डिसेंबरअखेर ये, बर्फाचा रस्ता झाला की. आंबे भरात असतात."

"नक्की ना? काही सांगायचं नाहीये?"

त्या म्हातारीच्या तोंडचे शब्द. मी ओळखले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही रे, काही नाही. मजेत आहोत सगळे."

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "येतो म्हणत होता का?"

"डिसेंबरात येईल."

"डिसेंबर म्हणजे अजून किती?"

"दीड-दोन महिने."

"बरं," आई म्हणाली, आणि पाठ टेकून पडून राहिली. तिने मला चांगलं केलंस असं म्हटलं नाही. मी वाट बघत होते.

गुरुवारी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या, त्यांनी खुर्ची ओढून जवळ बसून सांगितलं. उपचार म्हणण्यासारखं काही नव्हतं. हातात आठवडेच होते, महिने नाहीत. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भावाला फोन लावला आणि मोठ्या बहिणीला शोभेल अशा शांतपणे, थोडं थोडं करून, सगळं सांगितलं. मध्ये मध्ये थांबत होते, त्याला धीर यावा म्हणून. माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, बोट काल गेली."

बदली माणूस त्याच बोटीने परत गेला होता. तरी भाऊ बोटवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. तो भला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याबरोबर काठावर गेलाही, पण काठाशी काचेसारखा पातळ बर्फ धरला होता आणि बोट तर वर ओढून ठेवली होती. हेलिकॉप्टरसाठी भावाने नर्सना विचारलं. पेशंट लागतो, त्या म्हणाल्या. नर्सचंही काही चुकलं नाही. त्या सगळ्या प्रकरणात चुकलेलं माणूस एकच.

त्यानंतर त्याचे फोटो यायला लागले. रोज एक. काठाजवळच्या बर्फाला पाडलेलं भोक आणि त्यात धरलेली मोजपट्टी. अर्धा इंच. एक इंच. माणूस चालायला चार लागतात, आणि मधलं पाणी उघडं असेल तर चारचाही उपयोग नाही, हे त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं. फोटोखाली तो काही लिहायचा नाही. मी आईला सांगायचे, "आज दीड झाला." मग आईच सकाळी विचारायला लागली, "बर्फ किती झाला?" कॅमेरा आता चालू असायचा. तो आईला बघायचा आणि आई त्याला, आणि दोघं एकमेकांना काय जेवलास, काय जेवलीस एवढंच विचारायचे. आईने त्याला एकदाही म्हटलं नाही की आधी सांगायला हवं होतं. तिने मला वाचवलं. मरतानाही.

शेवटचे दोन दिवस ती बर्फाचं विचारायची विसरली. अडीच इंच झाला तेव्हा ती गेली.

इथल्या दहनगृहात कॅमेरा असतो. लांबच्या नातेवाइकांना लिंक पाठवतात. भावाची ड्यूटी होती, बदलीला कोणी नव्हतं, म्हणून तो वीजघरात बसून बघत होता. सुरुवातीला त्याच्याकडचा जनरेटरचा घरघराट आमच्या हॉलमध्ये ऐकू आला, सगळ्यांनी माना वळवल्या. मग त्याने आवाज बंद केला. बाहेर जॅकरंडाला बहर आला होता, सगळा पार्किंग लॉट जांभळा झाला होता. त्या दिवशी अंगाची लाही होत होती. मला आठवतंय, मी मनात म्हणत होते, इथला थोडा उकाडा तिकडे का जात नाही. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की उकाडा नाही, थंडी हवी होती. लवकर हवी होती.

रस्ता झाल्यावर जानेवारीत तो आला. आठ दिवस राहिला. मी मनाची तयारी करून ठेवली होती की तो ओरडेल, आणि ओरडला की मी रडेन, आणि मग मोकळं होईल. तो ओरडला नाही. आईच्या फोटोला रोज बाबांबरोबर ताजा हार घातला, माझ्या मुलीला गाडी पार्क करायला शिकवलं, मी वाढलं ते जेवला. आंबे खाल्ले. जायच्या आदल्या दिवशी मी भांडी लावत असताना मागे येऊन उभा राहिला.

"मी फोन केला तेव्हा आई कुठे होती?"

"वॉर्डात. खिडकीजवळ."

"ट्रॉली होती ना ती?"

"हो."

"मी म्हटलं होतं, आवाज असा का येतोय," तो म्हणाला आणि बॅग भरायला गेला. माफ कर, हे मी त्याच्या पाठीला म्हणाले. त्याला ऐकू गेलं असेल. घर काही मोठं नाही.

त्यानंतर त्याने दर आठवड्याला फोन करणं सोडून दिलं. वाढदिवसांना मेसेज, बाबांना महिन्यातून एक फोन. पण शेवटच्या बोटीच्या आदल्या दिवशी मात्र न चुकता माझ्या फोनवर त्याचा कॉल यायचा, कॅमेरा चालू, मागे वीजघराची हिरवी भिंत. "ताई, उद्या शेवटची बोट. काही सांगायचंय?" मी म्हणायचे, "नाही. खरंच नाही." तो दोन-तीन क्षण माझ्या तोंडाकडे बघायचा आणि फोन ठेवायचा. एका वर्षी मी त्याला बाबांचे रक्ताचे रिपोर्टही पाठवले, न मागता. त्याने नुसता अंगठा पाठवला. असा प्रश्न वर्षातून एकदाच येतो, पण मी त्याची तयारी वर्षभर करायचे. कारण माझ्या मनाशी मी ठरवून टाकलं होतं की एक वेळ अशी येईल, मी वेळेवर सांगेन, तो बोटीत बसेल, आणि फिटेल. बाबांचं वय बघता ती वेळ लांब नव्हती. हा विचार किती भयंकर आहे ते मला कळतं. तरी तो मी करत होते.

या वर्षी ती वेळ आली. बाबांचं हृदय थकलंय. दोनदा पाणी काढलं, औषधं वाढवली, आणि मागच्या आठवड्यात त्यांना घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच बरं. ख्रिसमसपर्यंतचं काही सांगता येत नाही म्हणाले. बाबांनी मला विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. ते एवढंच म्हणाले, "या वेळी त्याला सांग."

मंगळवारी सकाळी फोन आला. मी फाइल घेऊनच बसले होते. डाइनिंग टेबलावर कागद पसरून मी त्याला सगळं वाचून दाखवलं, तारखांसकट, काही गाळलं नाही. मग फोन घेऊन फॅमिली रूममध्ये गेले आणि रिक्लायनरमध्ये बसलेले बाबा दाखवले. बाबांनी हात वर केला. त्यानेही केला. मी परत बाहेर आले.

"बदली माणूस आलाय का?"

"आलाय."

"मग निघतोस ना?"

जनरेटर चालू होते. तो भिंतीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "बरं झालं सांगितलंस, ताई," तो म्हणाला. "बघतो."

मी बघतो हे ऐकलंच नाही. मला निघतो असंच ऐकू आलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. बाबांना जाऊन सांगितलं की त्याला सगळं सांगितलं, उद्या सकाळी बोट आहे. बाबा त्या दिवशी पंधरा दिवसांनी दाढी करतो म्हणाले. मी आरसा धरला, त्यांनी स्वतःच्या हाताने केली, मध्ये दोनदा दम खात. निळा शर्ट इस्त्री करून ठेव म्हणाले. मी मागच्या खोलीतल्या चादरी धुतल्या, पेंडल हिलला जाऊन आंबे आणले, पहिलेच आले होते, अजून जरा आंबट. भावाला मेसेज केला, विमानाचं कळव. उत्तर आलं नाही. झोपेत असेल. बुधवारी सकाळी पुन्हा केला. त्याचंही नाही. बोटीवर रेंज नसते, मी मनाशी म्हणाले, अडीच तास बोट, मग पुढे जंगलातला रस्ता.

अकराच्या सुमारास फोटो आला. तिकडची संध्याकाळ. काठावर वर ओढलेली बोट, तिच्यावर निळी ताडपत्री, मागे ते काळे स्प्रूस आणि राखाडी पाणी. मला आधी कळलंच नाही. वाटलं, निघताना काढला असेल. मग खाली त्याचं लिहिलेलं वाचलं.

"बोट जाऊन आली. बदली माणूस परत गेला. ताई, मी काठापर्यंत गेलो होतो, बॅगसकट. बोटवाल्याने विचारलं, काही सांगायचंय? मला काही सुचलं नाही. आईसाठी यायचं होतं मला. ते राहिलं. आता येऊन पुन्हा एक हार बघणं माझ्याच्याने होणार नाही. तू सांगितलंस, तुझं झालं. बाबांना काय सांगायचं ते तू बघ. तुला जमतं ते."

मी ओट्याशी उभी राहून ते किती वेळा वाचलं मला माहीत नाही. राग आला. इतका की फोन भिंतीवर फेकावासा वाटला. आणि त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं. माझं फिटायचं राहिलं म्हणून मी चिडले होते. बाबांचं नंतर आठवलं.

आतून बाबांनी हाक मारली. निळा शर्ट घालून ते बसले होते, शेजारच्या स्टुलावर मी सकाळी ठेवलेली आंब्याची बशी तशीच.

"निघाला का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सगळी फाइल वाचून दाखवणारी मी, आदल्या दिवशी किती धीट होते. मी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"निघाला, बाबा. बोटीत बसला."

"फोन लाव ना. दिसू दे जरा."

"बोटीवर रेंज नसते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी वॉर्डातल्या खुर्चीतून बघितलं होतं, अगदी तसं. मग त्यांनी आंब्याची बशी उचलून माझ्या हातात दिली.

"कॅमेराही बिघडला असेल त्याचा," ते म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण काढायला लागले.